आडवा रक्तदाब, उभा रक्तदाब

बालरोगतज्ज्ञाने उच्च रक्तदाबावर लिहावे, हे काही व्यवसायबंधूंना अनधिकार प्रवेशासारखे वाटेल. स्मरणिकेच्या संपादकांनाही माझ्याकडून लसीकरणावर किंवा मुलांच्या आहारावर लेख हवा होता. त्या विषयांवर मी या पानांतून पुष्कळ लिहिले आहे आणि वाचकांनी ते सोसलेही आहे. या वेळी मात्र एक निराळी गोष्ट मांडायची आहे. स्वायत्त चेतासंस्था, म्हणजे आपली ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम, बिघडलेल्या रुग्णाचा वाढलेला रक्तदाब हा नेहमीचा रक्तदाब नव्हे. त्यावरचा पहिला उपचार गोळी नव्हे. आणि तो पहिला उपचार होत नाही, कारण आपण डॉक्टर मंडळी तो कागदावर लिहून देत नाही.

माझा या विषयाशी संबंध दोन वाटांनी आला. पहिली वाट माझ्या व्यवसायातलीच. मी एम.डी. होऊन बाहेर पडलो तो काळ पोलिओ निर्मूलनाच्या ऐन धामधुमीचा होता. पंधरा वर्षांखालील कोणाही मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले, की त्याची नोंद करून शौचाचे नमुने पाठवावे लागत. भारतातला वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात नोंदला गेला, आणि 27 मार्च 2014 रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्या नोंदींच्या निमित्ताने पोलिओ नसलेली लुळी मुले पुष्कळ पाहिली आणि त्यांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची मुले बरीच असत. स्वायत्त चेतासंस्था बिघडली म्हणजे रक्तदाब कसा वागतो, हे मी त्या मुलांच्या खाटेपाशी शिकलो. दुसरी वाट घरगुती आहे. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत नातवंडाला दवाखान्यात घेऊन येतात ते बहुधा आजी-आजोबाच. मुलाचे तपासून झाले की, “डॉक्टर, जरा यांचंही बीपी बघता का?” हा प्रश्न ठरलेला. बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर मोठ्या माणसाचा पट्टा ठेवावा लागतो, तो यासाठी.

आधी थोडे शरीरशास्त्र. व्यवसायबंधूंनी हा परिच्छेद ओलांडून जावे, इतरांनी मात्र वाचावा. माणूस उभा राहिला की सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त गुरुत्वाकर्षणाने पोटाकडे आणि पायांकडे उतरते. तरीही आपल्याला भोवळ येत नाही, कारण मानेतील व छातीतील मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाब ओळखणाऱ्या चेतातंतूंचे पहारेकरी बसलेले असतात. दाब उतरतो आहे असे दिसताच ते मेंदूला वर्दी देतात आणि अनुकंपी चेतातंतू काही क्षणांत रक्तवाहिन्या आवळून दाब सावरतात. माणूस आडवा झाला की हीच यंत्रणा उलट चालते. मधुमेह फार वर्षे राहिला, कंपवात झाला, मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रफीसारखा विकार झाला, की ही यंत्रणा निकामी होते. मग रक्तदाब पारदाच्या जुन्या यंत्रातील पाऱ्यासारखा शरीराच्या ठेवणीबरोबर वरखाली होतो. उभे राहिले की कोसळतो, आडवे झाले की चढतो. ब्रॅडबरी आणि एगलस्टन या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी उभे राहताच दाब कोसळणाऱ्या तीन रुग्णांचे वर्णन 1925 साली केले. शंभर वर्षे झाली त्याला. आपण अजूनही रक्तदाब मोजतो तो बहुतेक खुर्चीवर बसवून, एकदा.

व्याख्या सोप्या आहेत. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब 20 किंवा खालचा दाब 10 मि.मी.ने उतरला तर तो उभ्या स्थितीतील न्यून रक्तदाब. अशा रुग्णाला निदान पाच मिनिटे आडवे ठेवून मोजल्यावर दाब 140/90 किंवा अधिक भरला तर तो आडव्या स्थितीतील उच्च रक्तदाब. 2018 साली युरोप व अमेरिकेतील तज्ज्ञांनी एकत्र बसून ही दुसरी व्याख्या निश्चित केली आणि वरचा दाब 180 च्या पुढे गेला तर तो तीव्र मानला. चेताविकारामुळे उभ्याने दाब उतरणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना आडव्याने उच्च रक्तदाब असतो. म्हणजे ही दुर्मीळ चीज नव्हे. ज्या शहरात घरटी एक मधुमेही आहे, त्या शहरात तर नव्हेच.

आता यातली गंमत, किंवा शोकांतिका, पाहा. कंपवाताचे एक सेवानिवृत्त शिक्षक. मुलगा कर्तव्यदक्ष, रोज रात्री वडील झोपल्यावर घरच्या यंत्रावर दाब मोजतो, 170 दिसतो, सकाळी फिजिशियनला फोन करतो, गोळी वाढते. आजोबा पहाटे लघवीला उठतात आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडतात. पुन्हा दाब मोजतात तो खाटेवर आडवे केल्यावर, आणि तो पुन्हा चढलेलाच. तिसऱ्यांदा पडले तेव्हा नातीच्या लसीसाठी आलेल्या आजीने मला हे सांगितले. आजोबा बाहेर बाकावर बसले होते. माझ्या तपासणीच्या टेबलावर त्यांना पाच मिनिटे आडवे ठेवले तेव्हा दाब 168/94 होता. उभे करून, दोन्ही बाजूंनी धरून, तीन मिनिटांनी मोजला तेव्हा 96/60. मी औषधाला हात लावला नाही, तो माझा प्रांत नव्हे. दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या फिजिशियनकडे चिठ्ठी दिली. त्यांनी न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने दिवसाची एक गोळी बंद केली आणि बाकी सारे खाटेपासून सुरू केले.

खाटेची कथा जुनी आहे. मॅक्लीन आणि अ‍ॅलन यांनी 1940 साली अमेरिकेत डोक्याकडून उंच केलेल्या पलंगाचा उपचार प्रसिद्ध केला. पलंगाचे डोक्याकडचे पाय सहा ते नऊ इंच उचलायचे, इतकेच. रुग्ण रात्रभर किंचित उतारावर झोपतो, म्हणून रात्रीचा दाब चढत नाही. दुसरा लाभ अधिक मोलाचा. सपाट झोपलेल्या अशा रुग्णाचा वाढलेला दाब मूत्रपिंडांतून मीठ व पाणी बाहेर ढकलतो. रात्रीत चार-पाच वेळा लघवी होते, शरीर कोरडे पडते आणि पहाटे उभे राहताच दाब आणखीच कोसळतो. उतारावर झोपलेल्याची लघवी कमी होते, शरीरातले पाणी टिकते आणि सकाळ सुधारते. रात्रीचा चढ आणि सकाळचा उतार या दोहोंना एकच उपाय लागू पडतो. फार्माकोपियात अशी गोळी मला तरी ठाऊक नाही; तिथे एकाला आवर घातला की दुसरा बिघडतो.

प्रत्यक्षात मात्र घरात अडचणी येतात आणि त्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. आजकालच्या घरांत पेटीचे पलंग असतात. गाद्या-गोधड्या ठेवायला सोयीचे, पण त्यांना पायच नसतात, मग उचलायचे काय? सुताराकडून खाच पाडलेले लाकडी ठोकळे करून घ्यावे लागतात, आणि पेटीच्या पलंगाला तर संपूर्ण लांबीची उतरती फळी. दोन उशा जास्त घेतल्या म्हणजे झाले, असे घरचे लोक समजतात. उशांनी मान वाकते. छाती, पोट आणि पाय सपाटच राहतात. उतार डोक्यापासून टाचेपर्यंत एकसलग हवा. रुग्ण रात्री खाली घसरतो, म्हणून पायथ्याशी लोड किंवा फळी लावावी लागते. शेजारी झोपणाऱ्या आजींना हा उतार मानवत नाही आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात प्रथमच खाटा वेगळ्या होतात. हे सांगताना मी हसलो, तर एका आजींनी मला हसू दिले नाही. “आम्ही पडलो तर एकमेकांचा आवाज ऐकू यायला हवा ना,” त्या म्हणाल्या. शेवटी दोन्ही खाटा उंच केल्या. आजींना त्याने अपाय नव्हता, उलट त्यांच्या आम्लपित्ताला थोडा आराम पडला.

पुरावा सर्वत्र सारखा भक्कम नाही, हेही सांगितले पाहिजे. सहा इंचांचा उतार देऊन सर्वसाधारण वृद्धांवर केलेल्या एका तुलनात्मक अभ्यासात लक्षणांत विशेष फरक दिसला नाही. पण ज्यांची स्वायत्त चेतासंस्था खरोखर निकामी झाली आहे, त्यांच्या बाबतीत शरीरक्रियाशास्त्र इतके स्पष्ट आहे आणि उपचार इतका निरुपद्रवी, की ठोकळ्यांचा खर्च करून पाहायला मी कोणालाही सांगेन.

आपल्या घरांतल्या तीन-चार जुन्या सवयी या रुग्णाच्या बाबतीत नव्याने तपासाव्या लागतात. आयुर्वेद आणि आजी यांच्याविषयी मला आदर आहे, तेव्हा गैरसमज नसावा.

उषःपान घ्या. पहाटे तांब्याभर पाणी पिण्याची आपली रीत. सुमारे अर्धा लिटर साधे पाणी चार-पाच मिनिटांत प्यायले, तर निरोगी तरुणात दाब फारसा हलत नाही; पण स्वायत्त चेतासंस्था निकामी झालेल्या रुग्णात तो 30 मि.मी.हून अधिक वर जाऊ शकतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या जॉर्डन व सहकाऱ्यांच्या कामातून हे स्पष्ट झाले. औषधाच्या तोडीचा हा परिणाम काही मिनिटांतच दिसू लागतो आणि तास-दीड तासात ओसरतो. म्हणून सकाळी खाटेवर बसल्या बसल्या प्यायलेला तांब्या या रुग्णाला उभे राहायला मदत करतो. आणि नेमक्या त्याच कारणाने रात्री निजताना प्यायलेला तांब्या घातक. झोपण्याआधीच्या तासाभरात घटाघटा पाणी नको. गोळी गिळण्यापुरते घोटभर चालेल.

वामकुक्षीचे तसेच. दुपारी जेवून सपाट पडण्याने या रुग्णाचा दाब भर दिवसा चढतो, मूत्रपिंडे पुन्हा पाणी फेकू लागतात आणि संध्याकाळ वाया जाते. दुपारचा विश्रांतीचा तास हवाच असेल तर जुन्या पद्धतीच्या आरामखुर्चीत, पाय खाली सोडून. पडवीतली ती कापडी खुर्ची आपण भंगारात दिली, हे वाईट केले. शतपावली मात्र या रुग्णाने जेवणानंतर लगेच घालू नये. जेवल्यावर रक्त आतड्यांकडे धावते. निरोगी माणूस ते निभावून नेतो, याचा दाब कोसळतो. भाताचे आणि गोडाचे जेवण जितके भरपूर, तितकी घसरण मोठी. म्हणून दिवसा थोडे थोडे, वारंवार खावे आणि पुरणपोळीच्या दिवशी जेवून उठताना हात धरायला कोणी तरी असावे.

हाच दोष रात्री गुण होतो. निजण्यापूर्वी थोडे पिष्टमय किंवा गोड खाल्ले तर जेवणोत्तर घसरणीचा लाभ रात्रीच्या दाबाला मिळतो. वाटीभर शिरा, किंवा दुधात कुस्करलेली पोळी पुरे. मधुमेह्याने मात्र हे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. हे मी एका सभेत सांगितले तेव्हा मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, म्हणजे आमच्या सराफ्याला आता वैद्यकीय मान्यता मिळाली! रात्री अकराला जिलेबी-रबडी खाणाऱ्या इंदूरकरांना दुसरे काय सुचणार? त्यांना मी एवढेच म्हणालो, की सराफ्यात जाऊन यायला उभे राहावे लागते.

आणि शवासन. रक्तदाब वाढला की शवासन करा, असे आपण सारेच सांगतो. सर्वसामान्य रुग्णाला त्यात अपाय नाही. पण ज्याचा दाब आडवे झाल्यानेच चढतो, त्याला सपाट निजून मन शांत करायला सांगणे म्हणजे आगीवर तेलाचा शिडकावा शांतपणे करण्यासारखे आहे. त्याचा दाब चढलेला दिसला तर पहिली सूचना असावी : उठून बसा, पाय खाली सोडा. बहुतेक वेळा काही मिनिटांत आकडा खाली येतो. प्राणायाम बसून करतात, त्याला माझी हरकत नाही. फक्त ज्या प्रतिक्षिप्त क्रियेच्या द्वारे संथ श्वसन दाब उतरवते, तीच यांच्यात तुटलेली असते, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नये. शीर्षासन, सर्वांगासन वर्ज्य.

मिठाचाही उल्लेख हवा. उच्च रक्तदाब म्हटला की मीठ बंद, हे आता घराघरात पोचले आहे आणि ते योग्यच आहे. पण दिवसा उभे राहता न येणाऱ्या या रुग्णाचे मीठ सरसकट तोडले तर तो खाटेला खिळतो. त्याने किती मीठ खावे हे हृदय आणि मूत्रपिंडे पाहून त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे. शेजाऱ्यांनी नव्हे आणि पाकिटावरच्या जाहिरातीने तर नव्हेच. दिवसा दाब टिकावा म्हणून पोटाला पट्टा बांधायला सांगतात. आपल्याकडे बाळंतिणीला बांधतात तसाच. आडवे होण्यापूर्वी तो सोडायचा, हे सांगायला मात्र विसरतात. दाब चढवणारी मिडोड्रीनसारखी गोळी असेल तर तिची दिवसातली शेवटची मात्रा निजण्याच्या निदान चार तास आधी. ही सूचना औषधाची असली तरी खरा उपचार घड्याळाचा आहे.

2021 साली आणखी एक साधा उपाय पुढे आला. पोटावर सुमारे 38 अंश सेल्सिअसच्या शेकाच्या गाद्या ठेवल्या असता अशा रुग्णांचा आडवा दाब उतरतो, असे अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. उपाय सुटसुटीत वाटतो, तरी मी त्याचा प्रचार करीत नाही. ज्याच्या कातडीची संवेदना मधुमेहाने गेली आहे, त्याच्या पोटावर आपली रबरी पिशवी उकळत्या पाण्याने भरून ठेवली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

आता माझ्या मुलांकडे येतो. कारण मोठ्यांत जे महिन्यांच्या हिशेबाने घडते, ते मुलांत मिनिटांच्या हिशेबाने घडते.

मानेला किंवा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर मज्जारज्जूला इजा झालेल्या मुलात ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया नावाचा प्रकार होतो. इजेच्या खाली कुठेही त्रास झाला, उदाहरणार्थ मूत्राशय तुंबले, शौच कडक होऊन अडकले, नख रुतले, कपडा काचला, तर तो त्रास मुलाला जाणवत नाही. पण खालचे अनुकंपी चेतातंतू मेंदूचा लगाम सुटल्यासारखे रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब झपाट्याने चढतो. डोके फुटल्यासारखे दुखते, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो, नाडी बहुधा मंदावते. गटमन आणि व्हिटरिज यांनी मूत्राशय भरल्याने होणारे हे बदल 1947 साली सविस्तर मांडले. हे तेच लुडविग गटमन, ज्यांनी 1948 साली स्टोक मँडव्हिलला अपंग सैनिकांच्या स्पर्धा भरवल्या आणि ज्यांतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले.

इथे आकडा फसवतो. अशा मुलाचा नेहमीचा दाब 90 च्या आसपास असतो. त्याच्या नेहमीच्या दाबापेक्षा 15 ने वाढ झाली तरी सावध व्हायचे असते. म्हणजे ज्या आकड्याकडे पाहून आपण मोठ्या माणसाला “छान आहे” म्हणून घरी पाठवतो, तो याच्यासाठी धोक्याची घंटा असू शकतो. याचा नेहमीचा दाब किती, हे ठाऊक नसेल तर निदानच होत नाही.

संक्रांतीला पतंग उडवताना गच्चीवरून पडलेला एक मुलगा माझ्याकडे येत असे. वय तेरा, मानेची इजा, नेहमीचा दाब 92/58. एका रात्री डोके भयंकर दुखू लागले म्हणून त्याची आई त्याला जवळच्या रुग्णालयात घेऊन गेली. दाब 146/100. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी रीतीप्रमाणे त्याला खाटेवर आडवे करायला सांगितले आणि परिचारिका इंजेक्शन भरू लागली. ही बाई दहावीपर्यंत शिकलेली. तिने मुलाला आडवे करू दिले नाही. खुर्चीत ताठ बसवले, कमरेचा पट्टा आणि बूट सैल केले आणि कॅथेटरची नळी वरपासून खालपर्यंत हाताने चाचपली. ती चाकाच्या खुर्चीच्या दांडीत दुमडून चेपली होती. नळी सोडवली, पिशवी भरू लागली आणि दहा मिनिटांत दाब 104 वर आला. त्या डॉक्टरांचे कौतुक हे, की त्यांनी थांबून पाहिले आणि तिला विचारले, हे तुम्हाला कोणी शिकवले? तिच्या पर्समध्ये एक कार्ड होते. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला हिंदीत. मुलाचा नेहमीचा दाब, आणि क्रमाने काय करायचे : बसवा, सैल करा, लघवी पाहा, शौच पाहा, कातडी पाहा, दर दोन ते पाच मिनिटांनी दाब मोजा, कारण सापडले नाही किंवा दाब चढाच राहिला तर औषध. ते कार्ड माझ्या कंपाउंडरने टंकून दिले होते. लॅमिनेशनचा खर्च त्या वेळी दहा रुपये आला.

जीबीएसची मुले वेगळ्या तऱ्हेने फसवतात. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा महाराष्ट्राबाहेरच्या आपणा सर्वांच्या नातलगांचे फोन सुरू झाले होते. चर्चा पाण्याची आणि व्हेंटिलेटरची झाली, रक्तदाबाची फारशी झाली नाही. या मुलांचा दाब सकाळी 150 आणि दुपारी 80 असू शकतो, कधी तासाभरातच. चढावर दीर्घकाळ टिकणारे औषध दिले आणि तेवढ्यात उतार लागला तर हाती काही उरत नाही. म्हणून अतिदक्षता विभागात मी निवासी डॉक्टरांना एकच सवय लावत आलो : आकडा चढला की आधी मुलाकडे पाहा. पायांच्या वेदनेने ते कण्हते आहे का? लघवी तुंबली आहे का? आताच नळीतून कफ ओढला आहे का? कूस बदलताना झटका दिला का? वेदनेवर नीट उपचार केला आणि मूत्राशय मोकळे केले, तर दाबाच्या औषधाची गरज पुष्कळदा उरत नाही. उरली तर लवकर ओसरणारे औषध, थोड्या मात्रेत, यंत्रावर डोळा ठेवून.

औषधविरोधाचा झेंडा मी हाती घेतलेला नाही, म्हणून एक उलटे उदाहरण देतो. लाल विंचवाच्या दंशाने मुलाच्या शरीरात स्वायत्त चेतासंस्थेचे वादळच उठते. दाब चढतो, मग हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी होते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात बसून, खेड्यातल्या साधनांनिशी प्राझोसिनचा उपयोग जगाला दाखवून दिला. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे औषधाला विलंब म्हणजे जिवाशी खेळ. ठोकळे, शिरा, तांब्या यांचा तिथे काही संबंध नाही. तरीसुद्धा गंमत पाहा, प्राझोसिन दिल्यावर आईने मुलाला उचलून उभे कडेवर घेऊ नये, आडवेच ठेवावे, नाहीतर दाब एकदम कोसळतो. औषध अचूक असले तरी शरीराची ठेवण विसरून चालत नाही.

मग हा उपचार होत का नाही? कारण तो सांगायला वीस मिनिटे लागतात आणि गोळी लिहायला वीस सेकंद. पलंगाच्या ठोकळ्यांची जाहिरात करायला कोणी प्रतिनिधी येत नाही. रुग्णालाही उपचार म्हणजे औषध वाटते; नुसत्या सूचना दिल्या तर “डॉक्टरांनी काहीच दिलं नाही” असे म्हणत तो दुसरीकडे जातो. त्यावर माझा तोडगा साधा आहे. सूचना तोंडी देऊ नयेत. औषधाच्याच कागदावर, औषधाच्याच पद्धतीने, क्रमांक घालून लिहाव्यात. “पलंग डोक्याकडून नऊ इंच उंच, रोज रात्री, कायम.” “पाणी 500 मि.ली., सकाळी उठण्यापूर्वी, बसून.” अक्षरांत उतरले की त्याला उपचाराची प्रतिष्ठा येते.

काही सहकारी विचारतात, रात्रीचा 160 चा दाब तसाच सोडायचा? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात नाही. आडवा उच्च रक्तदाब हृदय जाड करतो, मूत्रपिंडे झिजवतो, पक्षाघाताची शक्यता वाढवतो. पण ही हानी वर्षांच्या हिशेबाने होते. न्हाणीघरात मोडलेले खुब्याचे हाड या आठवड्यातले असते. म्हणून वरचा दाब 160 च्या आसपास असेल तर अनेक तज्ज्ञ ठेवणीच्या उपायांवर भर देऊन लक्ष ठेवतात. 180 च्या पुढे जाऊ लागला तर रात्रीपुरते परिणाम करणारे औषध निजताना देतात, आणि ते घेतल्यावर पहाटे एकट्याने उठू नये, खाटेशीच लघवीचे भांडे ठेवावे, असे बजावतात. ऐंशीच्या आजोबांना आणि पन्नाशीच्या गृहस्थाला एकच उत्तर लागू नसते.

शेवटी मंडळापुढे एक मागणी ठेवतो. दरवर्षी आपण मोफत तपासणी शिबिर घेतो. तीनशे-चारशे लोक येतात, खुर्चीवर बसतात, दाब मोजून घेतात आणि जातात. पुढच्या शिबिरात मधुमेही, कंपवाताचे रुग्ण आणि वर्षभरात एकदा तरी पडलेले ज्येष्ठ यांच्यासाठी एक वेगळी रांग असावी. दोन बाके, दोन पट्टे, एक घड्याळ आणि उभे असताना धरायला दोन तरुण स्वयंसेवक. पाच मिनिटे आडवे, मग एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी उभ्याने. माणशी दहा मिनिटे धरली तर एका बाकावर तासाला सहा जण होतात, म्हणजे चार तासांत दोन बाकांवर अठ्ठेचाळीस. तिन्ही आकडे कार्डावर लिहून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवावेत, औषध बदलू नये. बाके माझ्या दवाखान्यातून देतो. स्वयंसेवकांची नावे कार्यवाहांकडे द्यावीत.